कोपऱ्यावरचा टँकर आणि गच्चीवरची निळी पिंपे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
डोंबिवली (पूर्व)

विषय: सर्व्हिस रोडवर रात्री होणारी रसायनांची चोरी, आणि त्याच निमित्ताने गच्चीवरची जुनी पिंपे

अध्यक्ष साहेब, स.न.वि.वि.

मागच्या गुरुवारी रात्री दोनच्या सुमारास मी बाल्कनीत उभा होतो. वयामुळे झोप लागत नाही, दुसरे कारण नाही. मागच्या गेटबाहेर, बंद पडलेल्या दिव्याखाली एक टँकर उभा होता. शेजारी टेम्पो लावलेला. दोन माणसे टँकरच्या मागच्या नळाखाली कॅन धरून भरत होती. दहा-बारा कॅन भरले, टेम्पो गेला, पाठोपाठ टँकरही निघाला. सगळा कारभार वीस मिनिटांत आटोपला. सकाळी वॉचमनला विचारले तर म्हणाला, "आजोबा, आठवड्यातून दोनदा तरी येतात."

तेव्हापासून लिफ्टमध्ये, गेटवर हाच विषय आहे. कोणी म्हणते बॉम्बसाठी नेतात, कोणी म्हणते पाण्याच्या टाकीत टाकतील. घाबरू नका असे मी म्हणणार नाही. २६ मे २०१६ च्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या स्फोटात आपल्या अख्ख्या ए विंगच्या काचा फुटल्या होत्या. २३ मे २०२४ ला पुन्हा तोच आवाज ऐकला. ज्याने एमआयडीसीजवळ घर घेतले त्याला भीती वाटणारच. पण आपण भलत्याच गोष्टीला घाबरतो आहोत, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षे एका रसायन कारखान्याच्या स्टोअरला होतो. टँकर आला की आधी वजनकाटा, मग सीलचा नंबर चलनाशी ताडायचा, मग टाकीत डिप (मोजपट्टी) घालून माल मोजायचा. चाळीस-पन्नास लिटर कमी भरले तर पावतीवर 'वाटेतील घट' असे लिहून विषय संपायचा. उन्हाळ्यात तर कोणी विचारायचेही नाही, सॉल्व्हंट (थिनरसारखा पातळ, उडून जाणारा माल) उडणारच. अशा पावत्यांवर मीही सह्या केल्या आहेत, हे आज कबूल करतो. ते चाळीस-पन्नास लिटर कुठे जात होते ते मागच्या गुरुवारी बाल्कनीतून दिसले.

हा माल बॉम्ब बनवणाऱ्याकडे जात नाही. तो स्वस्तात माल हवा असलेल्याकडे जातो: रंगाचा थिनर बनवणारा, सफाईचे ॲसिड बाटल्यांत भरणारा, आणि सर्वांत वाईट म्हणजे दारूवाला. जुलै २०२२ मध्ये गुजरातमध्ये, बोटाद जिल्ह्यातल्या रोजिद आणि आसपासच्या गावांत जे झाले त्याची सुरुवात चोरीनेच झाली होती. अहमदाबादच्या एका गोदामातून तिथल्याच कामगाराने सुमारे ६०० लिटर मिथेनॉल (कारखान्यात वापरतात ते विषारी अल्कोहोल) काढले आणि ४० हजारांना विकले. पुढे त्यात पाणी मिसळून ते दारू म्हणून गेले आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. आपल्या मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक गेली, तीही मिथेनॉलनेच. दिसायला पाण्यासारखे, वासाला दारूसारखे. पिणाऱ्याला आधी साधी नशा वाटते. यकृतात त्याचे फॉर्मिक ॲसिड व्हायला बारा ते चोवीस तास लागतात, मग डोळ्यांपुढे धुरकट होते, आणि तोवर तो माणूस झोपायला गेलेला असतो. आपल्या मागच्या चाळीतल्या किती जणांना रोज संध्याकाळी स्वस्तातली लागते हे आपल्याला माहीत आहे. आपल्या घरात कामाला येणाऱ्या बायकांचे नवरे आहेत ते.

चोरीच्या रसायनाची पहिली गोष्ट म्हणजे त्याचे लेबल जाते. कारखान्यात ज्याच्यावर नाव, धोक्याची चौकट, काय झाले तर काय करायचे हे सगळे लिहिलेले असते, तोच माल कॅनमध्ये गेला की नुसता 'पांढरा माल' होतो. पुढे तो ज्याच्या हातात पडतो त्याला आपण काय धरले आहे ते कळत नाही. शिवडीला १४ जुलै २०१० रोजी बंदरात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून वायू सुटला आणि शंभरहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तिथे चोरी नव्हती, पण कोणाची जबाबदारी नसलेला माल हाच प्रकार.

आता आपल्या आवारात या. समितीवर राग नाही, पण बोलायला हवे.

मार्चमध्ये पाणीकपात झाली तेव्हा समितीने गच्चीवर सहा निळी पिंपे आणली, दोनशे लिटरची, जुन्या बाजारातून. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाली म्हणून सभेत टाळ्याही वाजल्या. (पार्किंगच्या स्टिकरवर त्याच सभेत दीड तास गेला होता, पिंपांवर दोन मिनिटे.) मी परवा वर जाऊन पाहिले. चार पिंपांच्या अंगावर तिरक्या चौकोनाच्या आकाराचा गोंद चिकटलेला आहे, म्हणजे धोक्याचे स्टिकर खरवडून काढलेले आहे. एकाच्या झाकणाखाली नाक नेले तर अजून सॉल्व्हंटचा वास येतो. प्लास्टिक रसायन शोषून घेते. साबणाने, चिंचेने, दहा वेळा धुतल्याने ते जात नाही, उन्हात पिंप तापले की पुन्हा पाण्यात उतरते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत अशी वापरलेली पिंपे स्वतःच घातक कचरा म्हणून धरली आहेत. ती धुऊन निर्विष करून घ्यायची तर परवानाधारकाकडेच जावी लागतात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नव्हे. आपण त्यात पाणी भरले, आणि सी विंगमध्ये कोणी त्याने भांडी घासली.

दुसरे, जिना धुण्याचे ॲसिड. सायकलवरून येणारा एक जण कोऱ्या बाटल्या देतो, पंधरा रुपयांना. चोरीचे आहे की नाही ते मी सांगू शकत नाही, पण बिल नाही, लेबल नाही. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बंधने घातली आहेत: विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचे, अठराच्या आतल्याला द्यायचे नाही. आपल्या सायकलवाल्याने आजवर कोणाचे ओळखपत्र पाहिले आहे? गेल्या महिन्यात सफाईच्या मावशींनी ते ॲसिड ओतून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. मावशी खोकून खोकून पायरीवर बसल्या, आणि आपल्यापैकी एका सभासदाने 'धुळीची ॲलर्जी असेल' म्हणून त्यांना लिंबू-पाणी दिले. दोघांचाही दोष नव्हता, बाटलीवर काही लिहिलेलेच नव्हते.

म्हणून समितीला विनंती अशी की गच्चीवरची पिंपे आधी खाली उतरवावीत आणि एकही भंगारात विकू नये, नाहीतर ती उद्या दुसऱ्या सोसायटीच्या गच्चीवर पोचतील. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला पत्र देऊन ती कोणाकडे द्यायची ते विचारू. पत्राचा मसुदा मी करून देतो. सफाईचे सामान यापुढे बिल आणि लेबल असलेलेच घ्यावे, महिना दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

टँकरबद्दल मात्र एक सांगतो. वॉचमनला 'जाऊन हटकून ये' असे कोणी सांगू नये. तो बारा तासांची ड्युटी करतो, त्याच्या हातात काठी आहे, आणि समोर जे सांडते ते पेट घेणारे असू शकते. बिडी पेटवून बघायला जाणे तर अजिबात नको. आतूनच टँकरच्या मागच्या आणि बाजूच्या पाटीवरचा मालाचा चार आकडी नंबर आणि गाडीचा नंबर टिपायचा, आणि ११२ ला फोन करायचा. कायद्याने ती पाटी प्रत्येक घातक माल नेणाऱ्या टँकरवर असते. १२३० म्हणजे मिथेनॉल, १२९४ म्हणजे टोल्युईन, १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक. हे चार नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून गेटच्या केबिनमध्ये लावतो. फोन करणाऱ्याने 'टँकर उभा आहे' एवढे न सांगता '१२३० चा टँकर आहे' असे सांगितले की अग्निशमन दलाला काय घेऊन यायचे ते कळते. चौकीत लेखी अर्जही द्यायला हवा, आणि बंद दिव्याची तक्रार तर आजच करता येईल. तो दिवा लागला तर निम्मे येणे थांबेल असे मला वाटते.

पिंपांवरच्या गोंदाच्या खुणा समितीने एकदा स्वतः पाहाव्यात. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे. शनिवारी सकाळी दहाला चालेल का, ते कळवावे. तोवर निदान नळाला 'पिऊ नये' अशी चिठ्ठी तरी लावा.

कळावे,
आपला,
बी विंगमधील एक सभासद