बाबा, जॅकेट घालूनच जा

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा रूममेटने मला एक तमिळ सिनेमा दाखवला, 'नीरपरवै'. २०१२ सालचा, सीनू रामसामींचा. ती थूथुक्कुडीकडची, त्यामुळे मध्ये मध्ये थांबवून सगळं समजावत होती. आई, तू बघशील तर दुपारी बघ, आणि शेजारी कुणीतरी असू दे.

आई-बाप समुद्रात मारले गेलेलं एक पोर मच्छीमाराच्या घरी वाढतं. मोठा होतो तो दारूतच. एस्तेर नावाच्या पोरीसाठी दारू सोडतो, पण बंदरावरचे म्हणतात, तू मुळात आमच्यातला नाहीस, स्वतःची होडी असेल तरच दर्यावर जा. होडी बांधून देतो एक मुसलमान कारागीर. (गाणी मला जरा जास्तच वाटली.) सांभाळणाऱ्या आईचं काम सरण्या पोन्वण्णन यांचं. आपल्या वाड्यातल्या बायांसारखीच, ओरडते तेव्हाही माया लपत नाही. पुढे तो श्रीलंकेच्या नौदलाच्या गोळीने जातो, प्रेत घरीच पुरतात, पोलिसांत कुणी जात नाही. पंचवीस वर्षांनी हाडं सापडतात आणि म्हातारी एस्तेर कोर्टात उभी राहते. ती नंदिता दास.

तिथला समुद्र आपल्यासारखा मोकळा नाही. रामेश्वरम आणि श्रीलंकेच्या मधली पट्टी चिंचोळी, रात्री जाळ्यामागे गेलं की हद्द कधी ओलांडली ते कळत नाही. मधलं कच्चतीवू बेट १९७४ च्या करारात श्रीलंकेकडे गेलं. एक मात्र खटकलं. पलीकडचे जाफन्याचे मच्छीमारही तमिळच, आणि इकडचे ट्रॉलर आमची जाळी फाडून नेतात अशी त्यांची ओरड आहे. बाबा, तुम्ही पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवाल्यांवर चिडता ना, तसंच. ते सिनेमात नाही.

आपल्याकडे भीती वाऱ्याची. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा बाबा बाहेर होते. आई, त्या रात्री तू चूल पेटवलीच नाहीस. बंदराकडून येईल त्याला पडवीतूनच होड्यांची नावं विचारत होतीस, आपल्या होडीचं सोडून. ते नाव तुझ्या तोंडून निघेना. बाबा जयगडच्या खाडीत शिरले होते. घरी आले आणि एवढंच विचारलं, "भात आहे का?" तू उत्तर न देता आत गेलीस आणि कितीतरी वेळ भांडी आपटत राहिलीस. एस्तेरला बघताना मला ती भांडी ऐकू येत होती.

म्हणून हे लिहितेय. इकडची, पूर्व किनाऱ्यावरची मासेमारीची बंदी १४ जूनलाच संपली, आपली ३१ जुलैला संपेल. बाबा, मी आणलेली दोन लाइफ जॅकेटं कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकलेली मी पाहिलीत. गरम होतं, जाळं ओढताना हात अडतो, कबूल. पण होडीचा म्होरक्या तांडेलच घालत नाही तर खलाशी कशाला घालतील? नारळ सोडलात की पहिल्या फेरीपासून घाला. वायरलेस दुरुस्त होऊन आला का? आला नसेल तर त्याच्या मागे लागू नका, नवीन घ्या, पैसे मी पाठवते.

आई, खलाश्यांच्या छातीचं माप विचारून ठेव. बाकीची जॅकेटं इथूनच पाठवीन.

तुमची,
बाय