पाणी वाचवायला सांगितलं, वाचवलं, तर काम गेलं

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी वाळूज एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन चालवत होतो. गेल्या आठवड्यात ठेकेदारानं मला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढलं. लेखी कारण नाही. सुपरवायझर तोंडी एवढंच म्हणाला, "तू फार नोंदी करतोस."

कसल्या नोंदी, तेही ऐका. कंपनीनं मशीनच्या शॉपमध्ये टॅब बसवला. पाणी, वीज, तेल वाया जाताना दिसलं की त्यात टाका, असं प्रशिक्षणात सांगितलं. प्रशिक्षण म्हणजे तासभर इंग्रजी स्लाइड आणि शेवटी ग्रुप फोटो. माझ्या मशीनला थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीचं सील गेलं होतं. तेलकट पांढरं पाणी ट्रेवरून ओघळून थेट पावसाळी नालीत जात होतं. मी फोटोसकट नोंद केली. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतात, तरी हवेच्या पाइपातून फुसफुस चालूच, म्हणजे कॉम्प्रेसर उगाच वीज खातो. तीही नोंद केली. पण सील बदलायला लाइन थांबवावी लागते, आणि साहेब लोक शिफ्टचे नग मोजतात, नालीतलं पाणी मोजत नाहीत.

मी लातूरचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा हंडे घेऊन रांगेत आम्हीच उभे होतो. पाणी वाया जाऊ नये हे मला स्लाइडवर शिकवावं लागत नाही. आज खोलीभाडं थकलंय, पोरीची फी थकलीय, आईच्या बीपीच्या गोळ्या उधारीवर आणतोय. कुणाचं काय बिघडवलं होतं मी?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना पाणी, वीज, कचरा आणि कामगारांचं प्रशिक्षण यांचा अहवाल सक्तीचा केला. मोठ्या कंपन्या व्हेंडरकडून कागद मागतात, व्हेंडर कागद भरून देतात. त्या कागदावर मीही प्रशिक्षित आहे!

दुसऱ्याच दिवशी माझ्या मशीनवर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतला आयटीआयचा पोरगा उभा केला. त्याचे महिन्याला 8,000 रुपये सरकार देतं. त्याचा काही दोष नाही. मुदत संपली की तोही गेटाबाहेरच. म्हणजे आमच्याच कराच्या पैशातून आमचीच जागा स्वस्तात भरली जाते, आणि त्याला तुम्ही कौशल्य विकास म्हणता. शेंद्रा-बिडकीनला 10,000 एकरांवर ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं. जमिनी इथल्या शेतकऱ्यांच्या, पाणी जायकवाडीचं, आणि आमच्या पोरांच्या हातात ठेकेदाराचा गेटपास. किती वर्षं हेच चालायचं?

टॅब आणि प्रशिक्षण मराठीत करा. कंत्राटी कामगारालाही ते पगारी वेळेत द्या. आणि गळती दाखवली म्हणून माणूस काढणाऱ्या कंपनीला योजनेतले प्रशिक्षणार्थी देणं बंद करा. हे शेवटचं तर तुमच्याच खात्याच्या हातात आहे. करणार आहात की नाही, ते लेखी कळवा.

आपला,
एक कंत्राटी ऑपरेटर, वाळूज