चि. सौ. प्रतिभास, दसऱ्याच्या बुकिंगआधी

रोहणा, ता. आर्वी
घटस्थापनेचा दुसरा दिवस

चि. सौ. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवून दिलास. "बाबा, ते बिल्डरचं ऑफिस आहे, कापसाचं मार्केट नाही," म्हणालीस. मीही आवाज चढवला, ते चुकलं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. "पोरगी घर घेऊन रायली, तिले गोड बोलाचं सोडून हिशेब कायले लावता?" एवढं एक वाक्य बोलली आणि सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री नीट करायला निघून गेली.

फोनवर आपल्या दोघांचं जमत नाही, म्हणून लिहितो. धाकटा फोटो काढून पाठवेल. मागायला लाजू नकोस, एवढंच काल सांगायचं होतं. ते आता पुन्हा सांगत नाही.

तू पाठवलेली नागपूरच्या फ्लॅटची कॉस्ट शीट, म्हणजे बिल्डरचा खर्चाचा तक्ता, सकाळी तीनदा वाचली. फ्लॅट ४४ लाख, पार्किंग दीड लाख, ‘विकास व सुविधा’ एक लाख. झाले साडेशेहेचाळीस. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ३२ हजार ५००. आणि सगळ्यात खाली भगव्या पट्टीत, दसऱ्याला बुक केल्यास मॉड्युलर किचन व एक एसी मोफत. तुझं मन त्या पट्टीवर आहे हे मला कळतं. माझं पार्किंगच्या ओळीवर अडकलं आहे.

चालू बांधकामातल्या घरावर जीएसटीचे दोन दर आहेत. मुंबई, दिल्लीसारख्या यादीतल्या महानगरांबाहेर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, ९० चौरस मीटरच्या आत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. नाहीतर ५ टक्के. नागपूर त्या यादीत नाही आणि तुझं कार्पेट ६४ चौरस मीटर आहे. ‘एकूण’ या शब्दात पार्किंग, सुविधा, विकास असं बिल्डर घरासाठी जे जे घेतो ते सगळं धरतात. म्हणून ४४ चा फ्लॅट असूनही तू ५ टक्क्यांत जातेस. हीच बेरीज ४५ वर आणली तर जीएसटी होतो ४५ हजार. त्याच्या खिशातून जातात दीड लाख, तुझे वाचतात ३ लाख ३७ हजार ५००. मधला फरक सरकारचा आहे, त्याचं त्यात काही जात नाही. एवढं फुकट किचन मला तरी कुठं दिसलं नाही. आकडे, आणि मीटर-वकिलाच्या वेगळ्या ओळीही या बेरजेत धरतात का ते, सुधीररावांच्या सीएकडून एकदा तपासून घे.

आता हे मागायचं कसं. "रेट कमी करा" म्हणू नकोस, तिथं तो अडून बसेल, आणि त्याला कारण आहे. दस्त नोंदला की इंडेक्स-२ वर, म्हणजे नोंदणी कचेरीच्या उताऱ्यावर, रक्कम येते. ती नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर कोणीही काढून पाहतो, आणि पुढचा गिऱ्हाईक तोच कागद त्याच्यासमोर ठेवतो. म्हणून हे लोक वस्तू द्यायला तयार असतात, आकडा कमी करायला नसतात. तू म्हण, "तुमचे ४४ तसेच ठेवा, पार्किंग आणि सुविधा मिळून एक लाख धरा, किचन-एसी मला नको." त्याचा रेटही राहतो आणि वस्तूंचा खर्चही वाचतो. तो जर म्हणाला की करार ४५ चा करू आणि उरलेले दीड लाख रोख द्या, किंवा वेगळ्या ‘फर्निचर करारात’ घेऊ, तर तिथून उठायचं. ती करचोरी आहे आणि कागदावर सही तुझी असते.

जाण्याआधी दोन गोष्टी बघ. एक, त्याच इमारतीतले मागच्या वर्षभरातले इंडेक्स-२. दुसरी, महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा तिमाही अहवाल. किती घरं बुक झाली हे त्यात बिल्डरला भरावं लागतं. ऑफिसातली पोरगी "दोनच राहिलेत मॅडम" म्हणते आणि अहवालात निम्मी इमारत रिकामी असते. शिल्लक जास्त असेल आणि काम संपत आलं असेल तर त्याला तुझ्यापेक्षा घाई असते, कारण त्याच्या कर्जाचं व्याज चालू असतं. दसरा काही पळून जात नाही. पाडव्यालाही अशीच पट्टी लागते, फक्त रंग बदलतो.

हे वाचून तू म्हणशील, बाबा नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले पण टेबल सोडलं नाही. खरं आहे. थोडं थांबतो.

तुला आठवतं का, आर्वीला शाळेत जायचीस तेव्हा कंडक्टर सुटे नसले की तिकिटामागे आकडा लिहून द्यायचा, उतरताना घ्या म्हणून. तुझ्या दप्तराच्या छोट्या कप्प्यात तशा तिकिटांचा गठ्ठा सापडला होता. दोन रुपये, साडेतीन, एक. लिहून दिलेलं होतं, हक्काचं होतं, तरी तू मागितलं नाहीस. आणि सहलीच्या पैशांची ती चिठ्ठी, आम्हाला न दाखवता कंपासपेटीत घडी करून ठेवलेली. त्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग आला होता हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तुला कळलं होतं. त्या न मागण्याचं आम्ही फार कौतुक केलं, चारचौघांत सांगितलं. आता वाटतं, करायला नको होतं.

असो. पैशाचा दुसरा भाग बघ. कर्ज ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाही. म्हणजे ४५ मधले ९ लाख तुमचे. वर शुल्क, नोंदणीचे ३० हजार, वीज मीटर, सोसायटी, वकील, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, हे सगळं रोकड लागतं. म्हणून ४५ नंतर पहिली घासाघीस याच ओळींवर कर. चोवीस महिन्यांचा मेंटेनन्स बारा करून माग. मीटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या पुढं ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ लिहिलं आहे, तिथं कमाल आकडा लिहून घे, नाहीतर ताब्याच्या दिवशी किल्लीच्या आधी बिल येतं. कापसाच्या मार्केटातही भाव फळ्यावर असतो, कपात काट्यावर होते. कापसात आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात. तू हसलीस कालच्या बोलण्याला, पण कॉस्ट शीट वेगळी नसते.

घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ४५ हजार. दोघांच्या नावावर ती मिळत नाही. सुधीरराव कर्जात सहकर्जदार राहू शकतात का ते बँकेला विचार. त्यांना काय वाटेल ते मात्र तू बघ. मी यात बोललो असं सांगू नकोस.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ हेही तो पुढं करेल. कर्ज तुझ्या नावावर असतं. त्यानं व्याज भरणं थांबवलं की बँकेचा फोन त्याला जात नाही, तुला येतो. नको म्हण. सुधीररावांच्या मित्राचा तयार फ्लॅटही बघायचा तर बघ, पण ‘जीएसटी माफ’ म्हणून भुलू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला, मिळालेल्या घरावर जीएसटी लागतच नाही. जे नाही ते माफ काय करणार?

आता खरे मागायचे एक्स्ट्रा. तुझ्या मजल्यावर आत्ता विटांचं काम चालू आहे, म्हणजे वेळ बरोबर आहे. प्लास्टरच्या आधी एक पॉइंट वाढवायचा म्हणजे थोडा पाइप आणि थोडी तार, त्याला जड जात नाही. प्लास्टरनंतर झिरी मारावी लागते, मग तोच पॉइंट महाग पडतो आणि भिंतीला पुढं भेगा दिसतात. दोन्ही खोल्यांत आणि हॉलमध्ये एसीचा पॉइंट, ४ एमएमच्या तारेचा, स्वतंत्र एमसीबीवर, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणावर. एसी आज नसला तरी तार आत्ताच. इन्व्हर्टरची वेगळी लाइन. मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनला नळ, पॉइंट आणि सांडपाण्याची वाट, तिन्ही. आणि कुलर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हे लोक नकाशात कुलर धरतच नाहीत. खिडकीबाहेर पाण्यानं भरलेल्या कुलरचं वजन पेलेल असा लोखंडी स्टँड, शेजारी पॉइंट, आणि पाण्याचा नळ. नळ नसला की रोज संध्याकाळी बादल्या वाहाव्या लागतात. शेवटी ते कोण वाहतं हे मला लिहायला लावू नकोस.

टाइल्सच्या प्रत्येक नमुन्याचे दोन-दोन डबे जास्तीचे मागून माळ्यावर ठेव. पाच वर्षांनी एक फुटली तर तो रंग बाजारात नसतो. बाथरूमला टाइल्स लावण्याआधी निदान चोवीस तास पाणी भरून ठेवायला सांग, आणि त्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत स्वतः बघ. प्लास्टरखाली झाकले जाण्याआधी पाइप आणि वायरिंगचे फोटो काढ, पुढं ड्रिल मारताना कामी येतात.

तो तरीही किचन देतोच म्हणाला तर घे, पण ‘ब्रँडेड मॉड्युलर किचन’ या शब्दांना काही किंमत नाही. सिंकखालच्या खणाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लायवूड, भुसा दाबून केलेलं एमडीएफ नको, ते पाणी लागलं की पावासारखं फुगतं. ट्रॉली एसएस ३०४ स्टीलची, २०२ ला मिठाच्या हातानं गंज धरतो. ओळीच्या शेवटी ‘किंवा समतुल्य’ असेल तर ते शब्द खोडायला लाव. एसीचं बिल तुझ्या नावाचं आणि ताब्याच्या सुमाराचं हवं. वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून चालते. त्यानं आज पन्नास एसी घेऊन गोदामात ठेवले तर तुझ्या भिंतीवर लागेपर्यंत ती संपलेली असेल.

हे सगळं करारनाम्याच्या परिशिष्टात यायला हवं, ब्रोशरवर पेननं लिहिलेलं चालत नाही. पार्किंगचा क्रमांक, लांबी-रुंदी-उंची सुद्धा. २०२४ पासून महारेरानं ते बंधनकारक केलं आहे. उघडं पार्किंग तो विकू शकत नाही, तेव्हा दीड लाख कशाचे तेही विचार. १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी द्यायची नाही, कायदाच तसा आहे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं त्याच्यावर आहे.

आणि तिथं पोचलीस की सगळं एकदम बोलू नकोस. आधी ४५, मग रोकडीच्या ओळी, मग पॉइंट आणि नळ. तो "मॅनेजरला विचारतो" म्हणून आत जाईल. चहा येईल. त्या पाच मिनिटांत तुला वाटेल, जाऊ दे, एवढ्यासाठी कशाला. मला तुझा तो चेहरा माहीत आहे. त्या पाच मिनिटांत काही बोलू नकोस, चहा पी. परत सांगणार नाही म्हटलं होतं ना मी. सांगितलंच.

आपल्या घरातून नागपुरात स्वतःच्या पगारावर घर घेणारी तू पहिली. नोंदणी कचेरीत किती जणांची नावं मी इंडेक्सला चढवली, आता तुझं चढेल. ते मी काल सांगायला हवं होतं आणि नेमकं तेच राहिलं.

शनिवारी पहिल्या एसटीनं येतो. सोबत नव्या मुगाची डाळ आणि चष्मा. ऑफिसात मी बोलणार नाही, मागच्या खुर्चीवर बसेन. यायला नको असेल तर तसं सरळ सांग, वाईट वाटून घेणार नाही.

सुधीररावांना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझा,
बाबा

ता. क. ओट्याची उंची विटांच्या वेळेसच सांगावी लागते. कोपरापासून पाचेक इंच खाली असला तर पाठ दुखत नाही. आईला आता भिंतीशी उभं करून मोजलं, बोलत नाही पण उभी राहिली. तिचं कोपर ३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३३. तुझं किती ते मोजून कळव.