गिलाव्याचं बिल

जर्सी सिटी

प्रिय सुन्या,

मागच्या फोनवर तू म्हणालास, "तुमच्याकडे बरं आहे बाबा, खाबूगिरी नाही." मी हसण्यावारी नेलं. पण परवा मॅनहॅटनला चेंबर्स स्ट्रीटवर गेलो होतो, तिथे ट्वीड कोर्टहाउस दिसलं आणि तुझीच आठवण आली. जिल्हा परिषदेत बिलं तपासण्यात तुझी हयात गेली, म्हणून सविस्तर लिहितोय.

या इमारतीला मुळात अडीच लाख डॉलर मंजूर होते. खर्च गेला सव्वा कोटीच्या घरात. अरे, १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अख्खा अलास्का घेतला तो ७२ लाखांना! गिलावा करणाऱ्या एका ठेकेदाराने दोन दिवसांच्या कामाचे १ लाख ३३ हजार लावले. तू असतास तर आधी एम.बी., म्हणजे कामाच्या मोजमापांची वही, मागितली असतीस. बिल फुगवायचं आणि वरचा मलिदा बॉस ट्वीड या न्यूयॉर्कच्या बड्या पुढाऱ्याच्या टोळक्याने वाटून घ्यायचा, इतका सरळ कारभार. १८७१ मध्ये वर्तमानपत्राने हिशेबच छापले तेव्हा बिंग फुटलं. पुढे गडी कैदेतून निसटून स्पेनला पळाला, तिथे म्हणे व्यंगचित्रावरून ओळखला गेला, आणि १८७८ साली तुरुंगातच मेला.

गंमत बघ, त्याला शिक्षा झाली १८७३ साली. त्याच वर्षी जोतिरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दोन्ही अमेरिका खऱ्याच.

आता टोळकं लागत नाही. इंडियानातल्या पोर्टेज गावच्या महापौराच्या काळात पालिकेने एका विक्रेत्याकडून कचऱ्याचे ट्रक घेतले. नंतर त्याच विक्रेत्याने महापौरांना १३ हजार डॉलरचा चेक दिला. ते म्हणाले, सल्ल्याची फी! २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काम झाल्यावर दिलेली बक्षिसी लाचेच्या त्या केंद्रीय कायद्यात बसत नाही. तुमच्या ऑफिसात 'नंतर बघू आपलं' म्हणायचे ना, तेच हे. आणि त्याच कोर्टाच्या २०१० च्या निकालापासून कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतता येतो. ट्वीडच्या चोरीला निदान सगळे चोरी तरी म्हणत. मला याचाच जास्त राग येतो.

पैसा कुठे जातो, तेही त्यातूनच ठरतं. १९५० च्या दशकात सगळ्यात वरच्या उत्पन्नावर ९१ टक्के कर होता. पळवाटा होत्याच, पण आकडा होता. आता तो ३७ आहे. उलट केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलंय. आमच्या राज्यात जास्त मिळतं, तरी आमच्या ऑफिसात रात्री झाडलोट करणाऱ्या बाई दिवसा दुसरीकडे स्वयंपाकघरात राबतात. घरभाड्याचा विषय काढला की त्या नुसत्या हसतात.

असो. तुझी पेन्शनची फाइल हलली का? कोणाला काही देऊ नकोस, निदान काम होण्याआधी तरी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या