एपिंगच्या जंगलातून

लंडन

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार,

ताईने येळवशीच्या, शेतातल्या पूजेचे फोटो पाठवले. कडब्याची कोप, भज्जी, आंबिल सगळं पाहिलं. मी त्या दिवशी कामावर होतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रविवारी एपिंगच्या जंगलात जाऊन आलो. शहराच्या कडेलाच आहे, रेल्वेने लाउटनला उतरायचं. आपल्याकडं पळस, साग उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतात, इथं ऐन थंडीत झाडं उघडी. पक्षी शोधायला तेच बरं. हॉली नावाचं काटेरी पानांचं झाड तेवढं हिरवं राहतं. त्याची लाल फळं खायला रेडविंग येतात, कस्तुराच्या जातीचे, थेट नॉर्वे-स्वीडनकडून.

तुम्हाला सांगायचंय ते हॉर्नबीम नावाच्या झाडाचं. बुंधा पुरुषभर उंच, आणि वर एकाच जागेतून आठ-दहा फांद्या फुटलेल्या. बांधावरच्या छाटलेल्या बाभळीच जशा! कारणही सरपणच. डोक्याच्या वर छाटलं की नवे फुटवे गुरांच्या तोंडी लागत नाहीत. लाउटनच्या लोकांना ११ नोव्हेंबर ते २३ एप्रिल फांद्या तोडायची पिढीजात मुभा होती. जमीनदाराने जंगल कुंपणात घेतलं तरी माणसं तोडत राहिली, काही तुरुंगातही गेली. १८७८ च्या कायद्याने जंगल वाचलं, पण तोडायचा हक्क गेला. भरपाईच्या पैशातून बांधलेला 'लॉपिंग हॉल' गावात अजून उभा आहे. गायरानाची भांडणं ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल कसलं? मला तर हा सौदा गावाला महागच पडला असं वाटतं. छाटणी थांबल्यावर फांद्याच बुंध्याएवढ्या झाल्या, आता काही झाडं स्वतःच्या भाराने फाटतात. जुन्या ढोल्या मात्र सुतारपक्ष्यांच्या सोयीच्या.

आणि आबा, लंडनमध्ये राघू आहेत! गळ्यात कंठी असलेले, आपलेच. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही पिलावळ, बर्फातही टिकून राहते. तुम्ही ज्यांच्यामागं गोफण घेऊन धावता, त्यांच्यासाठी इथले लोक परसात दाण्याच्या नळ्या टांगतात, तेही विकत आणून.

ज्वारी हुरड्यावर आली असेल. राखणीला धाकट्याला पाठवा, गुडघा दुखत असताना तुम्ही माळ्यावर चढू नका. आईला नमस्कार. गुडघ्याचा पट्टा येत्या महिन्यात कोणाबरोबर तरी पाठवतो, माप तेवढं कळवा.

तुमचा,
बाळू