बाटलीतले थर आणि आकाशातले थर

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

वातावरणाचे थर दोन तासिकांत उरकायचे आहेत आणि त्यासाठी मध, भांडी घासायचा साबण, पाणी आणि तेल एका बाटलीत ओतून दाखवणार, असं तू लिहिलंस. ते तेवढं करू नकोस. दिसतं झकास, पण प्रत्येक थर वेगळ्या पदार्थाचा, जड खाली आणि हलका वर, हे पोरांच्या डोक्यात जे बसतं ते पुढे निघत नाही. बाष्प आणि ओझोन सोडले तर जमिनीपासून ८०-९० किलोमीटरपर्यंत हवा ढवळून एकजीव झालेली असते. नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, खाली तेच आणि वरही तेच. मग थर कशाचे? उंचीबरोबर तापमान उतरता उतरता थांबतं, चढू लागतं, पुन्हा उतरतं. जिथे ते वळतं तिथे एक थर संपला म्हणायचं.

म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर एकही नाव लिहू नकोस, नुसते आकडे सांग. जगभर वापरल्या जाणाऱ्या सरासरी प्रमाण वातावरणाचे हे आकडे आहेत: जमिनीवर १५ अंश सेल्सिअस, ११ किलोमीटरवर उणे ५६.५, २० वर तेच, ३२ वर उणे ४४.५, ४७ वर उणे २.५, ५१ वरही तेच, ७१ वर उणे ५८.५ आणि ८५ च्या आसपास उणे ८६. उंची उभ्या अक्षावर, १ सेंमी म्हणजे ५ किमी. तापमान आडव्या अक्षावर, १ सेंमी म्हणजे १० अंश. १७ बाय ११ सेंमीत सगळं मावतं. दोन चुका हमखास होतील. एक, सवयीने उंची आडव्या अक्षावर जाते आणि चढण्या-उतरण्याची गंमत मरते. दुसरी, उणे ५६ हा उणे २ च्या उजवीकडे जातो. उणे ९० अगदी डावीकडे लिहून दे आणि मग सोड. बिंदू पट्टीने जोडायला लाव, हाताने गोलाई दिली की वळणं पुसली जातात.

रेघ तयार झाली की विचार, कुठे कापाल? पोरं बरोबर जागी कापतात. तेव्हा खालून वर नावं द्यायची: तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आणि कापलेल्या जागांना तपस्तब्धी, स्थितस्तब्धी. ८५ च्या वर पुन्हा चढण, ते आयनांबर. याच जागी फ्रान्समधले हवामानशास्त्रज्ञ टेसरां द बोर यांची गोष्ट सांग. पॅरिसजवळच्या त्राप गावातून ते फुग्यांना तापमापक बांधून सोडत. ११ किलोमीटरच्या आसपास तापमान उतरायचं थांबे. त्यांना वाटलं, उन्हाने उपकरणच तापतंय. म्हणून रात्री फुगे सोडले, तरी तेच. दोनशेच्या वर उड्डाणं झाल्यावर १९०२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. शंका आली की मोजमापच आधी तपासायचं, हे यात आयतंच येतं.

एखादी चौकस पोरगी विचारेल, आपल्या इथेही ११ च का? नाही. तो मध्य अक्षांशांचा सरासरी आकडा. विषुववृत्ताकडे उष्ण हवा जोरात वर चढते, त्यामुळे तपस्तब्धी १६ ते १८ किलोमीटरवर जाते. ध्रुवांवर ८-९ वरच असते. आणि गंमत म्हणजे उष्ण कटिबंधातली तपस्तब्धी ध्रुवांवरच्यापेक्षा थंड, उणे ८० च्या घरात, कारण हवा तिथवर जास्त चढून येते. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा ढग दुपारी वाढत जातो आणि माथ्यावर लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरतो, तो दाखव. तीच तपस्तब्धी.

तो चपटा का होतो, यासाठी बरण्यांचा प्रयोग. रुंद तोंडाच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या घे. एकीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी आणि लाल रंग, दुसरीत फ्रिजमधलं गार पाणी आणि निळा रंग. दोन्ही काठोकाठ, पाणी काठावर फुगलेलं दिसेपर्यंत भर. गार बरणीवर प्लॅस्टिकचा ताठ तुकडा ठेवून ती उलटी कर, गरम बरणीच्या तोंडावर तोंड जुळव आणि तुकडा ओढून घे. काही सेकंदांत सगळं जांभळं. हे तपांबर: खालून तापतं, म्हणून सतत ढवळतं. मग नव्याने भरून उलट कर, गार खाली आणि गरम वर. दहा मिनिटंही सीमा टिकते. हे स्थितांबर: तिथे ओझोन अतिनील किरणं शोषून वरच्या बाजूला तापतो. फसतं ते हवेच्या बुडबुड्याने, पुठ्ठा वापरला तर तो भिजून लगदा होतो म्हणून, किंवा गरम पाणी वाट बघत कोमट झालं म्हणून. सगळं परातीत कर.

दुसऱ्या तासाला व्हरांड्यात खडूने चार मीटरची रेघ मार, १ सेंमी म्हणजे १ किमी. कळसूबाई १.६ सेंमीवर, एव्हरेस्ट नऊच्या जरा आत, प्रवासी विमान १० ते १२ वर. फेलिक्स बाउमगार्टनर या साहसवीराने २०१२ मध्ये फुग्यातून उडी मारली ती ३९ वर, अवकाशाची मानलेली सीमा १०० वर, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक थेट चौथ्या मीटरला. या मापाने पृथ्वीचं केंद्र फरशीखाली ६४ मीटर खोल.

मग चवळीचे १२८ दाणे, म्हणजे डोक्यावरची सगळी हवा. दर साडेपाच सेंमीला एक चौकट आखून पहिलीत ६४, पुढे ३२, १६, ८, ४, २, १. तिसऱ्या चौकटीपर्यंतच ११२ संपतात. उरलेल्या सगळ्या आकाशाला १६. निम्म्या-निम्म्याचा हा हिशेब ढोबळ आहे, थंडीमुळे वर हवा याहूनही भराभर विरळ होते. पण हात दाण्यांवर फिरला की 'विरळ' हा शब्द पुन्हा समजवावा लागत नाही.

आयनांबरात हजार अंशांवर तापमान असून अंतराळवीर भाजत का नाही, हा प्रश्न येणारच. फुलबाजीची आठवण करून दे. ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, हातावर पडली तर जेमतेम चटका. तेच ६० अंशांचं पातेलंभर पाणी सांडलं तर कातडी जाते. कण किती वेगाने पळतात ते तापमान. पण किती कण येऊन धडकतात, त्यावर भाजणं ठरतं.

मध्यांबर लवकर आटप. उल्का तिथे पेटतात आणि ओझोन फारच कमी म्हणून गारठा, बस्स. परीक्षेत मात्र 'आयनांबर म्हणजे आयनांचा थर' असं उत्तर येईल, ते बरोबर धरू नकोस: आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ६० किलोमीटरच्या आसपास, मध्यांबरातच सुरू होतात. दिवसा रेडिओच्या लहरी शोषणारा तो खालचा पट्टा रात्री विरतो, म्हणून मीडियम वेव्हवर लांबची केंद्रं रात्री लागतात. घरी जुना रेडिओ असेल त्याला ऐकायला सांग.

बरण्या आदल्या रात्री घरी एकदा करून बघ. लाल रंग ओट्यावर सांडला तर वहिनींना माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
वसंत