उतावळेपणाला कामाला लावणाऱ्या फिजिओताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

गुडघ्याचा एसीएल (सांधा आतून घट्ट धरणारं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा) तुटला की कबड्डीपटूचा आधी धीर सुटतो, आणि ऑपरेशननंतर दुखणं जरा कमी झालं की उतावळेपणा सुरू होतो. आपल्या मंडळांमधून कितीतरी चांगले चढाईपटू याच दोन टोकांमध्ये संपले. कोणी खेळ सोडला, कोणी चौथ्या महिन्यात मॅटवर उतरून तोच गुडघा पुन्हा घालवला. तुम्ही मुलांना 'शांत बस, आराम कर' असं सांगितलं नाहीत. संध्याकाळी सरावाच्या वेळेला अंगात जो जोर उसळतो, तो आज नेमका कुठे खर्च करायचा हे सांगितलंत. हे पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण गावोगावच्या मंडळांना फिजिओ मिळत नाही. तुमची पद्धत तरी त्यांच्यापर्यंत पोचावी.

पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही एकाच गोष्टीसाठी हट्ट धरलात: गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. घरचे लोक मायेने गुडघ्याखाली उशी ठेवतात. बरं वाटतं, पण पाय किंचित वाकलेलाच आखडतो आणि मग चालताना कायम लंगड येते. तुम्ही उशी काढायला लावलीत आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिलीत, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याबरोबर मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच ते दहा सेकंद धरायचा, दहा वेळा. 'मांडी ऐकतच नाही' म्हणून मुलं घाबरत. गुडघ्यात पाणी साचलं की शरीर स्वतःच त्या स्नायूला जाणारा हुकूम दाबून टाकतं, म्हणून सूज उतरवणं हाच ताकदीचा पहिला व्यायाम आहे, हे तुम्ही समजावलंत. सरळ पाय उचलताना गुडघा जराही न वाकता वर गेला, तरच पुढची पायरी. ऑपरेशनमध्ये गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) शिवलेली असेल किंवा कलम, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला पट्टा, मांडीच्या मागच्या स्नायूच्या टोकाच्या दोरीतून घेतलं असेल तर वजन किती द्यायचं आणि मागच्या स्नायूचा व्यायाम कधी सुरू करायचा, हे सर्जनला विचारल्याशिवाय तुम्ही कधीच ठरवलं नाहीत. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर व्यायाम बंद आणि थेट डॉक्टरकडे, हेही पहिल्याच दिवशी बजावलंत.

शिंप्याची टेप तर आता आमच्या किटमध्ये कायमची आहे. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, वाटीच्या मधोमध गुडघ्याचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. कालच्यापेक्षा एक सेंटिमीटर वाढला असेल तर काल जास्त झालं: आज व्यायाम निम्मा, बर्फ पंधरा मिनिटं, पाय उंच. घेर तेवढाच असेल आणि दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल तर पुढे चला. अंगात कितीही जोर असला तरी आजचं माप गुडघा ठरवणार, ही शिस्त त्या टेपमुळे लागली. प्रशिक्षकाने दहा वेळा ओरडून ती लागत नाही.

उरलेल्या जोराची सोय तुम्ही फार विचार करून केलीत. सरावाची वेळ बदलू दिली नाहीत. इतर मुलं मॅटवर असताना जखमी खेळाडू त्याच वेळी, तिथेच, आपलं काम करणार. बसून डंबेल, खांदे, पाठ, पोट. पुल-अप करताना बारखाली पायरी ठेवायची, कारण उतरताना मारलेली छोटी उडीसुद्धा त्या काळात महागात पडते. चांगल्या पायाचा व्यायाम बंद करायचा नाही; त्याचा थोडा फायदा दुखऱ्या पायालाही मिळतो. गुडघा साधारण 110 अंश वाकू लागला की सायकल, सीट उंच ठेवून. सूज बसल्यावर त्याच सायकलवर 30 सेकंद जोरात आणि 90 सेकंद हळू, अशा आठ फेऱ्या. 30 सेकंद का, तर चढाई तेवढीच असते. शेवटच्या चार फेऱ्यांत तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' सलग म्हणायचं, दम तुटला तर फेरी धरायची नाही. दुखापतीतला खेळाडू चढाईपटूच राहिला पाहिजे, रुग्ण होता कामा नये, हे तुमचं म्हणणं त्या एका युक्तीने सगळ्यांना पटलं.

सगळ्यात मोठे आभार मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याबद्दल. तेव्हा दुखत नाही, चालणं सरळ होतं, जिना चढता येतो, आणि घरचे-बाहेरचे सगळे म्हणतात, 'बरा झालास की!' नेमकं तेव्हाच कलम आतून कमकुवत असतं. बसवलेल्या कलमाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो; नव्या रक्तवाहिन्या आत शिरून त्याचं लिगामेंटमध्ये रूपांतर व्हायला कित्येक महिने लागतात, आणि त्या बांधणीच्या काळात ते बसवलं त्या दिवसापेक्षाही नाजूक होतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासाचा आकडा तुम्ही आमच्या फळ्यावर लिहिलात: नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवाल, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटतं. तो आकडा आम्ही पुसलेला नाही. जिल्हा अजिंक्यपद तोंडावर आलं की तो सगळ्यांना दिसावा लागतो, प्रशिक्षकांनाही.

नऊ महिने झाले म्हणजे परवानगी मिळाली असंही तुम्ही होऊ दिलं नाहीत. एका पायावर पुढे उडी: चांगला पाय 150 सेंटिमीटर गेला तर दुखरा किमान 135, म्हणजे 90 टक्के. इथे एक फसगत होते. एवढ्या महिन्यांत चांगला पायही ढिला पडलेला असतो, त्यामुळे तुलना सोपी होऊन बसते. म्हणून चांगल्या पायाची उडी ऑपरेशनच्या आधीच मोजून ठेवायची आणि त्याच आकड्याशी ताडून पाहायची. दुसरी फसगत अंतराची. अंतर भरतं, पण खेळाडू गुडघा न वाकवता कमरेतून झुकून उतरतो किंवा गुडघा आत पडतो. म्हणून समोरून आणि बाजूने मोबाइलवर चित्रण. मांडीची ताकद वेगळी मोजल्याशिवाय केवळ उडीवर विश्वास नाही.

घोटा पकडीची भीती हा तर आमच्याच खेळाचा विषय, आणि तो तुम्ही बाहेरच्या असून ओळखलात. पायाला कोणी हात लावला की खेळाडू गोठतो, अंग आकसतं, आणि त्या आकसण्यातच पाय चुकीचा पडतो. आधी खाली बसून जोडीदाराने घोटा नुसता धरायचा. मग उभं राहून घोट्याला टॉवेल बांधून हलकी ओढ, कुठल्या बाजूने ते आधी सांगून. नंतर न सांगता. मग एकच कोपरारक्षक, चालीच्या वेगाने. मग दोघांची साखळी. शेवटी सातही जण. प्रत्येक पायरीला खेळाडूने स्वतः भीतीला दहापैकी गुण द्यायचे, आणि तीनच्या खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

खाण्याचंही तुम्ही सोपं करून दिलंत. 65 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 100 ग्रॅम प्रथिनं. अंड्यात सहा, 50 ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीसेक, बाकी डाळ, दही, शेंगदाणे. महागडे डबे लागले नाहीत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कुमार गटाच्या सरावाआधी आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटांचा वॉर्मअप सुरू केला आहे: एका पायावर तोल, उडीनंतर गुडघे वाकवून मऊ उतरणं, नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे जोडीदाराने धरलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवणं) आणि दिशा बदलणं. मुलींच्या गटात उतरताना गुडघे आत येताना दिसतात. त्यांची चित्रणं काढून ठेवली आहेत. सवडीने एखाद्या संध्याकाळी येऊन ती पाहाल का? वेळ तुम्ही सांगा, आम्ही मॅट अंथरून ठेवतो.

आपले कृतज्ञ,
मंडळातील खेळाडू आणि प्रशिक्षक